डीपी बसत नाही तेव्हा

दर महिन्याच्या १० तारखेच्या आसपास कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलच्या औद्योगिक वसाहतींतून बँकांच्या शाखांकडे स्टॉक स्टेटमेंट जातं. त्यात तीनच आकडे कामाचे असतात: माल किती, येणं किती, देणं किती. त्यावरून बँक कॅश क्रेडिट खात्यातून किती उचल करता येईल ते ठरवते. कागदोपत्री तिला ‘ड्रॉइंग पॉवर’ म्हणतात, बोलताना नुसतं डीपी. डीपी बसली की पगार होतात, पिग आयर्नवाल्याचा चेक वटतो, वीजबिल भरलं जातं. बसली नाही तर मंजूर लिमिट ८ कोटींचं असूनही हातात पैसा येत नाही. ताळेबंद वर्षातून एकदा छापला जातो, पण त्याचा कच्चा खर्डा या बारा स्टेटमेंटांत आधीच लिहून झालेला असतो. बँक डळमळली की पहिल्यांदा हा खर्डा बिघडतो, आणि मार्चनंतर तोच बिघाड सही-शिक्क्यानिशी ताळेबंदात उतरतो.

आपल्याकडे चर्चा उलट्या बाजूने होते. कर्जदाराने खोटे आकडे दिले आणि बँक बुडाली, ही गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेत २०१९ मध्ये एका बांधकाम समूहाचं कर्ज झाकण्यासाठी हजारो बनावट खाती दाखवली गेली, हे खरंच आहे. पण बँकेला स्वतःच्या भवितव्याची खात्री नसते तेव्हा ती ही अनिश्चितता कर्जदाराच्या कागदावर ढकलते, आणि एरवी सरळ असलेला कारखानदारही आकडे वाकवायला लागतो. या दुसऱ्या बाजूबद्दल फारसं कुणी बोलत नाही. दोष कारखानदाराचा आहेच. पण नुसता त्यालाच धरून हा प्रश्न सुटणार नाही, कारण आकडे वाकवण्याचं कारण त्याच्या दाराबाहेर तयार होतं.

या पट्ट्याला बँक हलण्याची सवय आहे. महामार्गाने उत्तरेकडे निघालं तर कराडची बँक १९९२ च्या रोखे घोटाळ्यात संपली. साताऱ्याच्या युनायटेड वेस्टर्न बँकेवर सप्टेंबर २००६ मध्ये निर्बंध आले आणि महिनाभरात ती आयडीबीआयमध्ये गेली. सांगली बँक २००७ मध्ये आयसीआयसीआयमध्ये विलीन झाली. कोल्हापुरात १९४३ साली सुरू झालेल्या रत्नाकर बँकेच्या आजच्या रूपाबद्दल, म्हणजे आरबीएल बँकेबद्दल, डिसेंबर २०२१ मध्ये अशी कुजबुज सुरू झाली, की बँकेचं भांडवल पुरेसं असल्याचं रिझर्व्ह बँकेला जाहीर निवेदनातून सांगावं लागलं. ती बँक सावरली. पण तशा आठवड्यांत प्रत्येक खातेदार कारखान्याच्या अकाउंट्स विभागात काय चालतं, ते कुठल्याही निवेदनात येत नाही.

आता हिशेब पाहू. एका मध्यम फाउंड्रीचा, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्याचा, माल १० कोटींचा आहे आणि त्यातल्या ४ कोटींचं देणं बाकी आहे. म्हणजे पैसे चुकते केलेला माल ६ कोटींचा. त्यावर २५ टक्के मार्जिन, म्हणजे बँक कर्जासाठी न धरणारा हिस्सा, सोडून साडेचार कोटी मिळतात. ९० दिवसांच्या आतलं येणं ५ कोटी, त्यावर ४० टक्के मार्जिन सोडून ३ कोटी. डीपी साडेसात कोटी. आता बँकेवर वरून दडपण आलं. तिची बुडीत कर्जं वाढली, किंवा ती रिझर्व्ह बँकेच्या सुधारणा चौकटीत (कमकुवत बँकांवरच्या खास बंधनांत) जाण्याच्या उंबरठ्यावर आहे, किंवा विलीनीकरण होऊन नव्या बँकेचं कर्जधोरण लागू झालं आहे. मालावरचं मार्जिन ३० टक्के होतं, येण्यावरचं ५० टक्के, आणि ९० ऐवजी ६० दिवसांच्या आतलंच येणं धरलं जातं. तसं येणं साडेतीन कोटींचं आहे. नवी डीपी मालाची ४.२० कोटी आणि येण्याची १.७५ कोटी, मिळून ५.९५ कोटी. कारखान्यात एकही मोल्ड कमी पडलेला नाही, एकही ग्राहक गेलेला नाही, तरी दीड कोटीहून जास्त रक्कम एका परिपत्रकाने गेली.

ही १.५५ कोटींची खोट कागदावर भरून काढायची तर साधारण २ कोटी २१ लाखांचा माल जास्त दाखवावा लागतो, किंवा तेवढं देणं कमी. हा आकडा लक्षात ठेवावा. फसवणुकीची सुरुवात बहुतेक वेळा अशाच, त्रैराशिकाने काढता येणाऱ्या रकमेपासून होते.

फाउंड्रीत हा माल येतो कुठून? ओतलेल्या १०० किलो धातूतले साधारण ६० ते ६५ किलो विकण्याजोगं कास्टिंग बनतं. बाकीचा रनर-रायझर, म्हणजे साच्यात धातू पोचवणाऱ्या वाटांत गोठलेला धातू, पुन्हा भट्टीत जातो. त्याची किंमत भंगाराच्या दराने धरायला हवी. स्टेटमेंटमध्ये तो ‘प्रक्रियेतला माल’ म्हणून कास्टिंगच्या दराने येतो, आणि या दोन दरांत दुपटीचा, कधी त्याहून जास्त फरक असतो. दुसरी जागा म्हणजे ग्राहकाने मशिनिंगसाठी पाठवलेली कास्टिंग. ती आवारात आहेत म्हणून मोजली जातात, मालकी दुसऱ्याची असली तरी. ब्लो-होल (आत हवेची पोकळी) निघालेला रिजेक्ट माल ‘दुरुस्तीसाठी’ या नावाखाली महिनोन्‌महिने जिवंत राहतो. भट्टीचं अस्तर काही आठवड्यांत बदलावं लागतं. तो निव्वळ चालू खर्च, पण नफा कमी दिसतोय म्हटल्यावर तो यंत्रसामग्रीत मिळवला जातो. येण्याचं वय कमी करायचं असेल तर जुन्या बिलाची क्रेडिट नोट (बिलाची रक्कम मागे घेणारी नोंद) काढून त्याच मालाचं नव्या तारखेचं बिल फाडतात. इचलकरंजीत तर याहून सोपं आहे. मजुरीवर कापड विणून देणाऱ्या खर्चीवाल्याकडचं सूत व्यापाऱ्याचं असतं, पण गोदाम पाहायला आलेल्या अधिकाऱ्याला बाचक्यावर मालकाचं नाव दिसत नाही.

यात एक गंमत आहे, गंमत म्हणावी की नाही हा भाग वेगळा. बँक निवांत असते तेव्हा हाच कारखानदार आयकर वाचवण्यासाठी मार्चअखेरचा माल कमी दाखवतो. बँक घाबरली की तो माल फुगवतो, नफा वाढतो, आणि न झालेल्या नफ्यावर तो मुकाट्याने करही भरतो. पुढच्या वर्षी सुरुवातीचा माल फुगलेला असल्यामुळे शेवटचाही फुगवावा लागतो. म्हणजे एकाच कारखान्याच्या मालाचा आकडा भट्टीपेक्षा बँकेच्या मनःस्थितीवर जास्त हलतो. पाच वर्षांचे ताळेबंद शेजारी मांडून उलाढालीशी मालाचं प्रमाण काढलं तर हे डोळ्यांनी दिसतं. पण पतपुरवठ्याच्या फाइलीत तीनच वर्षं जोडायची पद्धत आहे.

बँकेच्या बाजूने कारखानदाराला कोंडीत पकडणारे दोन नियम आहेत. स्टॉक स्टेटमेंट तीन महिन्यांहून जुनं झालं, तर त्यावर काढलेली डीपी अनियमित धरली जाते, आणि ही स्थिती सलग ९० दिवस राहिली की खातं अनुत्पादक, म्हणजे एनपीए. हा नियम योग्य आहे. दुसरा नियम असा, की लिमिटचं नूतनीकरण मुदतीनंतर १८० दिवसांत झालं नाही तरी खातं अनुत्पादक ठरतं. आता विलीनीकरणात शाखेचे अधिकार काढून मंजुरी पुण्याच्या किंवा मुंबईच्या केंद्राकडे गेली, सॉफ्टवेअर बदललं, जुना अधिकारी बदलून गेला आणि फाइल पाच महिने पडून राहिली, तर उशीर बँकेचा आणि शिक्का कर्जदाराचा. नूतनीकरण अडकलेल्या अशा काळात जे तात्पुरते आकडे आणि पुढच्या वर्षाचे अंदाज दिले जातात, ते खरे असण्यापेक्षा प्रश्न न येणारे असावेत याची काळजी घेतली जाते. गेल्या वर्षीच्या अंदाजापेक्षा विक्री २० टक्के कमी भरली, हे कुठला कारखानदार अशा वेळी आपण होऊन सांगेल? शहाणा हिशेबनीससुद्धा मग अंदाज आधी ठरवतो आणि ताळेबंद त्याला जुळवतो.

साखर कारखान्यांत गोष्ट वेगळ्या वाटेने जाते. तिथे साखर बँकेच्या कुलपात असते, त्यामुळे पोती फुगवणं अवघड. तिथे हत्यार आहे ते किंमत. बँक वेळोवेळी क्विंटलचं मूल्यांकन ठरवते, त्याच्या ठरावीक टक्के उचल देते आणि त्यातून आधीच्या कर्जांच्या वसुलीची (टॅगिंगची) रक्कम कापते. उरलेल्यातून एफआरपी, म्हणजे उसाची सरकारने ठरवलेली किमान किंमत, द्यायची. २०२४-२५ च्या हंगामात ती १०.२५ टक्के उताऱ्याला (उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणाला) उसाच्या क्विंटलमागे ३४० रुपये होती, आणि कोल्हापूरचा उतारा जास्त असल्यामुळे इथे ती वर चढते. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार पैसे १४ दिवसांत द्यायचे, नाहीतर १५ टक्के व्याज. बँकेने मूल्यांकन १०० रुपयांनी खाली आणलं की उचल घटते आणि ऊसबिल लांबतं. पुढे व्याजाचं देणं तयार होतं, आणि ते व्याज बहुतेक अहवालांत सापडत नाही. शिवाय जिल्हा बँक कारखान्यालाही कर्ज देते आणि सोसायटीमार्फत शेतकऱ्याच्या पीककर्जाची वसुलीही त्याच ऊसबिलातून करते. एका ठिकाणचा ताण दोन्ही खात्यांत एकदम उमटतो. सहकारी कारखाना उरलेला पैसा अंतिम ऊसदरातून वाटून टाकतो, त्यामुळे त्याचा नफा नेहमीच चिमूटभर. अहवालाच्या मुखपृष्ठावर ‘ऑडिट वर्ग अ’ ठळक असतो आणि थकीत एफआरपीवरचं व्याज आतल्या कुठल्याही पानावर नसतं.

बँकांना स्वतःच्या पुस्तकात अनिश्चितता कशी लिहायची हे कळत नाही, याचा पुरावाही इथलाच आहे. नोव्हेंबर २०१६ मध्ये जिल्हा बँकांना जुन्या नोटा घेण्यास मध्येच मनाई झाली. राज्यातल्या आठ जिल्हा बँकांकडे सुमारे ११२ कोटींच्या नोटा अडकल्या, त्यांतल्या सुमारे २५ कोटींच्या कोल्हापूरच्या. तिजोरीत नोटा आहेत, मोजता येतात, पण त्या मालमत्ता आहेत की नुसता कागद? नाबार्डने त्या तोट्यात धरायला सांगितलं, बँका न्यायालयात गेल्या. एवढ्या उघड रकमेवर एकमत होत नसेल, तर शाखेच्या अधिकाऱ्याने फाउंड्रीतल्या रनर-रायझरवर बोट ठेवावं, अशी अपेक्षा करणं धारिष्ट्याचं आहे.

ठेवींचंही तसंच. बँकेवर निर्बंध आले की तिथली शिल्लक ‘रोख व रोख समतुल्य’ राहत नाही. ती वेगळी दाखवायची, निर्बंधाची टीप द्यायची आणि वसुलीच्या शक्यतेनुसार तरतूद करायची. समजा कंपनीचे ६० लाख अडकले. ठेव विमा फेब्रुवारी २०२० पासून ५ लाखांचा आहे. उरले ५५ लाख. पंजाब अँड महाराष्ट्र बँकेच्या २०२२ च्या योजनेत संस्थात्मक ठेवीदारांच्या विम्याबाहेरच्या रकमेतली ८० टक्के रक्कम १ टक्का लाभांशाच्या कायमस्वरूपी प्रेफरन्स शेअर्समध्ये गेली आणि २० टक्के वॉरंटमध्ये (पुढे शेअर मिळण्याच्या हक्कात). म्हणजे ४४ लाखांवर वर्षाला ४४ हजार. १० टक्के दराने आणि नुसता लाभांश धरून आजची किंमत काढली तर ४ लाख ४० हजार. पण अडकलेली ठेव पूर्ण रकमेने ‘इतर बँक शिल्लक’ म्हणून वर्षानुवर्षं तशीच ठेवण्याचा मोह मोठा असतो, कारण तोटा धरला की निव्वळ मालमत्ता घटते, आणि ती घटली की दुसऱ्या बँकेतलं लिमिट धोक्यात येतं. एका बँकेचं दुखणं दुसऱ्या बँकेपासून लपवण्याचं काम ताळेबंदाकडे येतं.

यावर एक चांगला आक्षेप घेतला जातो. बँक भरवशाची नसेल तर कंपनीला दुसरे सावकार, गुंतवणूकदार, रेटिंग संस्था शोधाव्या लागतात. त्यांना पटवायचं तर हिशेब स्वच्छ ठेवावा लागतो. म्हणजे अनिश्चितता अहवालाचा दर्जा वाढवते. शेअर बाजारात नोंद असलेल्या, रोखे काढू शकणाऱ्या कंपनीबाबत मला हे मान्य आहे. तिथे सेबीच्या नियमानुसार ३० दिवसांहून जास्त लांबलेली थकबाकी जाहीरही करावी लागते. पण ८ कोटींच्या कॅश क्रेडिटवर चालणाऱ्या, घर आणि शेड एकाच बँकेकडे गहाण असलेल्या उद्योजकाला दुसरं दार कुठलं? ऑगस्ट २०२० च्या रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकाने कर्जदारांना दुसऱ्या बँकेत चालू खातं उघडण्यावरच मर्यादा घातल्या. उद्देश पैसा वळवणं रोखण्याचा होता, पुढे सवलतीही आल्या. पण जो एका बँकेला बांधलेला आहे तो आणखी बांधला गेला. पर्याय नसलेल्या माणसावर बाजाराची शिस्त चालत नाही. तो आहे त्याच बँकेला खूश ठेवतो.

मग नियम नाहीत का? आहेत, आणि चांगले आहेत. १ एप्रिल २०२१ पासून कंपन्यांना टिपांमध्ये सांगावं लागतं, की बँकेला दिलेली तिमाही विवरणं पुस्तकांशी जुळतात का, आणि नसतील तर फरक किती व का. ५ कोटींहून जास्त लिमिट असेल तर लेखापरीक्षकालाही त्यावर अभिप्राय द्यावा लागतो. प्रत्यक्षात त्या टिपेत ‘तात्पुरत्या आकड्यांमुळे फरक’ हे एकच वाक्य साच्यातून काढल्यासारखं येतं. चारही तिमाहींत फरक एकाच दिशेने कसा, हे कुणी विचारत नाही. आणि मुळात ही तरतूद कंपन्यांपुरती. उद्यमनगरातली भागीदारी संस्था, एकल मालकीचा यंत्रमाग कारखाना, सहकारी साखर कारखाना आणि सूतगिरणी यांतल्या कुणालाच ती लागू नाही. कोल्हापूरच्या पतपुरवठ्याचा मोठा भाग या जाळ्याच्या बाहेरून वाहतो.

काय करता येईल? पहिली गोष्ट बँकेने करायची आहे. मार्जिन आणि येण्याच्या दिवसांची अट मध्येच बदलायची नाही. नूतनीकरणाच्या वेळी बदलायची, किंवा किमान ९० दिवसांची लेखी सूचना द्यायची, आणि त्या पत्रात बदल कर्जदाराच्या कामगिरीमुळे आहे की बँकेच्या धोरणामुळे, ते स्पष्ट लिहायचं. धोरणामुळे असेल तर घटलेली डीपी एकदम न कापता चार-सहा महिन्यांत टप्प्याटप्प्याने खाली आणायची. वरच्या उदाहरणातले दीड कोटी सहा हप्त्यांत २६ लाखांच्या आसपास येतात. ती रक्कम माल कमी करून आणि येणं वसूल करून खरोखर उभी करता येते. दीड कोटी एका महिन्यात फक्त कागदावर उभे राहतात. यावर बँकेचे लोक म्हणतील की आमचा धोका वाढलेला असताना आम्ही का थांबावं. त्याचं उत्तर असं की थांबला नाहीत तरी तो धोका कमी होत नाही, तुमच्या नजरेआड जातो. नूतनीकरणाचा उशीर बँकेच्या टेबलावरचा असेल, तर त्या दिवसांची गणना १८० मधून वगळायला हवी. हे रिझर्व्ह बँकेच्या हातात आहे.

दुसरी गोष्ट तपासणीची. गोदामात जाऊन पोती मोजण्यापेक्षा जुळणी जास्त बोलते. इंडक्शन भट्टीला एक टन धातू वितळवायला साधारण ५५० ते ६५० युनिट वीज लागते. महिन्याला ४०० टन कास्टिंग आणि ६२ टक्के यील्ड (ओतलेल्या धातूतून विकण्याजोगं कास्टिंग) म्हणजे सुमारे ६४५ टन धातू वितळला, म्हणजे एकट्या भट्टीची साधारण ३ लाख ८७ हजार युनिटं. वीजबिल अडीच लाख युनिटांचं असेल तर पुढचं काही मोजायची गरज नाही. ५ कोटींवर उलाढाल असलेल्यांना ऑगस्ट २०२३ पासून ई-इन्व्हॉइस सक्तीचं आहे, आणि ते पोर्टलवर २४ तासांतच रद्द करता येतं. त्यानंतर क्रेडिट नोट काढावी लागते, म्हणजे बिलाची तारीख तरुण करण्याचा खेळ नोंदीत सापडतो. दडवलेली खरेदी जीएसटीच्या २बी विवरणात दिसते, कारण ते पुरवठादारांनी भरलेल्या बिलांवरून तयार होतं. ३१ मार्चला नीटनेटकं दिसणारं कॅश क्रेडिट खातं एप्रिलच्या पहिल्या दहा दिवसांत कसं वागतं, एवढं पाहिलं तरी भाऊबंद फर्मकडून दोन दिवसांसाठी आलेला पैसा ओळखता येतो. ही कागदपत्रं बँकेकडे आधीच आहेत किंवा मागितली की मिळतात. ती शेजारी ठेवून वाचणारा माणूस शाखेत उरलेला नाही.

येण्यावरचं अवलंबित्व कमी करायला ट्रेड्सचा, म्हणजे छोट्या पुरवठादारांची बिलं वटवून देणाऱ्या ऑनलाइन मंचाचा, रस्ता खुला झाला आहे. २५० कोटींवर उलाढालीच्या कंपन्यांना या मंचावर नोंदणी सक्तीची झाली आहे, आणि कोल्हापूरच्या फाउंड्र्यांचे बरेच ग्राहक त्याच आकाराचे वाहन, पंप आणि ट्रॅक्टर उत्पादक आहेत. बिल ग्राहकाने स्वीकारलं की त्यावर पैसा उभा राहतो, तोही ग्राहकाची पत पाहून, त्यामुळे स्वतःच्या बँकेची तब्येत कशीही असली तरी येण्याचं वय लपवायचं कारणच उरत नाही. अडचण अशी की बिल स्वीकारायला ग्राहक तयार हवा, आणि नोंदणी करून गप्प बसणारे ग्राहक पुष्कळ आहेत. त्यांना हलवायचं तर उद्योजकांच्या संघटनांनी एकत्र मागणी करायला हवी. एकट्या पुरवठादाराने आग्रह धरला तर पुढच्या महिन्याचं शेड्यूल कमी होतं.

राहिलं सहकार. तिमाही विवरण आणि पुस्तकं यांच्या जुळणीचा तक्ता सहकारी संस्थांच्या लेखापरीक्षण अहवालात आणायला नवा कायदा लागणार नाही, सहकार खात्याने अहवालाचा नमुना बदलला तरी पुरे. त्यात तीन रकाने वाढवावेत: बँकेने हंगामात किती वेळा आणि किती रुपयांनी मूल्यांकन बदललं, त्यामुळे किती एफआरपी १४ दिवसांपलीकडे गेली, आणि त्यावरचं १५ टक्के व्याज देणं म्हणून धरलं की नाही. वार्षिक सभेत ऊसदरावर दोन तास बोलणाऱ्या सभासदाने अहवाल हातात आल्यावर आधी हा तिसरा रकाना उघडावा.